दौलतमामाची काटेवाली पेटी

दौलतमामाचा डावा हात कसा दिसते हे आदिलाबादेत निम्म्या लोकाईले ठाऊक नव्हतं. तो हात कायम प्यांटीच्या खिशात. चालताना खिशात, बोलताना खिशात, चहा पेताना खिशात. जैनथले त्याईच्या पुतन्याचं लगन झालं, त्या फोटोत सारे हात जोडून उभे हायत अन मामा मधात असे उभे की जसे कुठले मिनिस्टर आले. नवरीच्या आजीनं हळूच इचारलं बी, "ह्या पाव्हन्याले हात एकच हाय का?"

हात दोन्ही होते, चांगले धडधाकट होते. पन मामाचं काम रेडिओ दुरुस्तीचं. त्यातही जुने, व्हॉल्वचे रेडिओ, ज्याच्यात काचेच्या छोट्या बाटल्यावानी नळ्या असते अन त्या लाल-लाल पेटते. त्या रेडिओच्या पोटातला करंट घरच्या करंटाहून जबर. म्हनून मामाचा कायदा होता, की चालू मशीनले एकच हात लावायचा अन दुसरा खिशात ठेवायचा. "दोन हात लावले की करंट ह्या हातातून येते, छातीतून जाते, त्या हातातून निघते," मामा सांगत. "एक हात लावला त निसता झटका बसते. मानूस राहते." तीस वर्षं हा कायदा पाळला, मंग हाताले कळेनासंच झालं की दुकान कवा सुटलं अन लगन कवा लागलं. डाव्या खिशाले दर दोन महिन्याले नवं अस्तर लागे. विहारात वंदनेले मात्र दोन्ही हात जोडा लागे. तवा मामा आधी वर पाहत, डोक्यावरून वायर त नाई गेला, अन मंगच हात काढत.

मी पुंजाराम. हातगाडी ओढतो. बस स्टँडापासून त गंजापर्यंत, म्हनजे धान्याच्या बाजारापर्यंत, जे म्हनाल ते वाहून देतो. शाळा तिसरीत सुटली. लोक म्हनते मी शाळा सोडली, पन खरं पाह्यलं त मास्तरनंच माह्या बापाले सांगितलं होतं की ह्याले उद्यापासून पाठवू नका. मामाच्या दुकानापुढं निंबाची सावली होती, म्हनून गाडी तिथं उभी राहे अन गाडीवाला आत जाऊन बसे. मामाले वाटे मी काम शिकून राह्यलो. मी सावलीत बसून राह्यलो होतो.

पन नुसतं बसलेल्या मानसाले बी कधीमधी हुशारी सुचते. एक दिवस एक रेडिओ उघडा पडला होता. म्या पाह्यलं, प्लग काढेल हाय. म्हनजे करंट नाई. म्या म्हनलं मामाले जरा धूळ पुसून देऊ, अन घातलं बोट. जे उडालो ते थेट बारदानाच्या ढिगावर. दोन मिनिटं मले माहं नाव आठवेना. मामा माह्याकडे आलेच नाई, आधी रेडिओकडे गेले. आत एक टिनाचा डबा होता, त्याले कंडेन्सर म्हनते, तो करंट पोटात धरून ठेवते, प्लग काढला तरी. मामानं तो पाह्यला, मान हलवली अन म्हनले, "चला. कंडेन्सर चांगला हाय."

तवापासून मामाकडे तपासायचं सामान कमी पडलं की लोक म्हनत, पुंजारामचं बोट हाय ना.

मामाचा दुसरा कायदा बल्बाचा. एक लाकडी पाट, त्याच्यावर बल्बचं होल्डर. दुरुस्त केलेली कोनतीच मशीन मामा थेट भितीतल्या सॉकेटात लावत नसत. करंट आधी बल्बातून जाये, मंग मशीनीत. मशीनीत कुठं गडबड असली की बल्ब झगझगीत पेटे अन सारा मार आपल्या अंगावर घे, मशीन वाचे. बल्ब मिनमिन राह्यला की समजायचं, ठीक हाय. मंग मोठा बल्ब. मंग अजून मोठा. मंग थेट. ह्या सगळ्याले अर्धा दिवस जाये अन मामा एकच शब्द म्हनत, "चढू द्या."

हाच कायदा मामानं मानसाईले बी लावला. गिऱ्हाईक आलं की त्याले दारातल्या स्टुलावर बसवत, तोंड उजेडाकडे. तामसीचा मानूस बसमधी मांडीवर रेडिओ घेऊन, चादरीत बांधून, घाम गाळत आलेला. तो तोंड उघडे, की मामा हात वर करत. "बसा. दोन मिनिटं थंड बसा. चढू द्या. हं, आता बोला. हळू बोला. माह्याकडे पाहून बोला." तो मानूस साक्ष द्यायले आल्यावानी एक-एक शब्द बोले. मंग मामा रेडिओ लावत अन भोंग्याच्या जाळीवर उजव्या हाताचा तळवा ठेवत, डोळे मिटून, जसा डॉक्टर पोराच्या छातीवर ठेवते. लोक म्हनत, मामा रेडिओची नाडी पाहते.

म्या हे घरी करून पाह्यलं. सकाळी सखू, म्हनजे माही बायको, चुलीपाशी बसल्या-बसल्या सुरू झाली, "काल तुमाले ज्वारी दळून आनायले सांगितलं होतं..." म्या हात वर केला. म्हनलं, "सखू, थेट नको लागू. दोन मिनिटं थंड बस. चढू दे. मंग माह्याकडे पाहून बोल." तिनं माह्याकडे पाह्यलं. त्या दिवशी म्या बिनाभाकरीचा, बिनाचहाचा, डोक्यावर दळनाचा डबा घेऊन गिरनीपुढं उभा होतो अन गिरनी उघडायले अजून तासभर होता.

आता पेटीचं सांगतो.

तवा लोकाईच्या घरी टीव्ही येऊन राह्यले होते अन सेलवर चालनारे छोटे रेडिओ त ढोरं चारनाऱ्याच्या बी गळ्यात. व्हॉल्वचं काम घेऊन येनारा मामाकडे आठवड्यातून एखादा. मोठं काम एकच उरलं होतं, आमच्या विहाराच्या भोंग्याची मशीन. वर्गनी करून घेतलेली, चार व्हॉल्वची, जयंतीले बाहेर निघे. पन मागच्या जयंतीले ती फाटून बोलली. वाघमारे गुर्जी, कमिटीचे सेक्रेटरी, भाषनाले उभे राह्यले अन भोंग्यातून असं वाटे की कोनी पत्रा फाडून राह्यलं. पोरं हसत होते, बाया कानावर पदर धरून होत्या. मामा भोंग्याखालीच बसले होते, खुशीत मान डोलावून राह्यले होते.

गुर्जी दुकानावर आले. स्टुलावर बसले, दोन मिनिटं थंड राह्यले, मंग बोलले, "मामा, कमिटीत इषय निघाला. यंदा निर्मलहून नवी मशीन किरायानं आनू म्हनते. तुमी जुने मानूस, तुमाले सांगितल्याशिवाय कसं करावं?"

मामा म्हनले, "माह्याकडे सतरा व्हॉल्व हायत, बिस्कुटाच्या डब्यात, कापसात गुंडाळून. त्यातले चार चांगले निघाले की तुमची मशीन कोकिळेवानी बोलीन. पन कोनते चांगले, ते पाहायले पेटी पाहिजे. व्हॉल्व तपासायची पेटी."

"पहिले त तुमी कान लावून सांगत होते कोनता व्हॉल्व गेला. आता पेटी काऊन पाहिजे?"

"कानाचा भरोसा नाई गुर्जी. काट्याचा हाय," मामा म्हनले. गुर्जी अन मी हसलो.

"अन पेटी नाई भेटली त?"

"त दुकानाले कुलूप. पोरगा दोन वर्षापासून चिठ्ठ्या लिवून राह्यला, हैद्राबादले या म्हनून. जाईन मंग. जयंतीपर्यंत येळ द्या."

पेटी भेटली. कुठल्यातरी सरकारी हापिसाचा जुना सामान हर्रासात निघाला, म्हनजे लिलावात, तो एका भंगारवाल्यानं घेतला. त्या ढिगात मामाले ती दिसली. मोठ्या सुटकेसएवढी, वर झाकन, आत रांगेनं गोल-गोल भोकं, लहान-मोठी बटनं, अन मधात काचेमागं एक काटा. काट्यामागं अर्धं लाल, अर्धं हिरवं. भोकात व्हॉल्व बसवायचा, बटनं फिरवायची. काटा हिरव्यात गेला त व्हॉल्व जित्ता, लालात राह्यला त मेला. मामा त्या काट्याकडे असे पाहत होते की भंगारवाल्यानं लागलीच भाव वाढवला.

म्या गाडीवर टाकून आनली. रस्त्यात एकानं इचारलं, हे काय हाय. म्या म्हनलं, खोटं बोलनारा पकडायची मशीन हाय, अन हात लाव म्हनलं. त्यानं लावला नाई. दुसऱ्यानं बी लावला नाई. गंजातले चार व्यापारी त दुकानातून खाली उतरले अन आत गेले.

इथपर्यंत सारं ठीक होतं. मामा त्या दिवशी जैनथले गेले, दुकानाची चावी माह्याकडे. पेटी पाह्यली त किळस ये. उंदराचं घर आत, लेंड्या, जाळे. म्या म्हनलं मामा येईपर्यंत पेटी अशी चकचकीत करतो की मामाच म्हनीन, पुंजाराम तुले अक्कल हाय. हातपंपावर नेली. सोडा टाकला. घासली. आतून बी, बाहेरून बी. वरून चार बादल्या पानी. सखूनं पाह्यलं अन म्हनली, "घरातली परात घासा म्हनलं त हात दुखते, अन ह्या लोखंडाले आंघोळ घालून राह्यले." पन मी खुश होतो.

मामा आले. पेटी निंबाखाली निथळत होती. मामानं झाकन उचलून आत पाह्यलं. मंग हळूच म्हनले, "आतमधी तांब्याच्या तारेची गुंडी असते, पुंजाराम, कागदात लपेटलेली. तिले पानी लागलं की ती एक महिना कोनाशी बोलत नाई."

दीड महिना बोलली नाई. मामानं पेटी खोलून लोखंडी ट्रंकेत ठेवली अन ट्रंकेत एक बल्ब पेटवून ठेवला, दिवसभर, उबदार. रोज झाकन उघडून हात घालून पाहत. जयंती जवळ येऊन राह्यली होती अन पेटी बाळंतिनीवानी शेक घेऊन राह्यली होती. मामा मले एक शब्द बी रागावले नाई. बोलले असते त बरं झालं असतं. म्या तवापासून सारं काम टाकून मामाच्या हाताखाली उभा राह्यलो. सखू म्हने, हा मानूस लग्नानंतर पह्यल्यांदा लाजला.

वाळल्यावर खरं काम निघालं. आतल्या वायरवरचं रबर हात लावताच बिस्कुटावानी चुरा होये. सारे वायर काढून नवे टाकले, अन कोनता वायर कुठं होता ते मामानं लग्नपत्रिकेच्या पाठीमागं चित्र काढून ठेवलं. बटनाची पितळी पानं खोडरबरानं घासली. जुने कंडेन्सर काढले, नवे टाकले. एक मोठा टिनाचा तेवढा राह्यला, त्याच्या मापाचा नवा भेटला नाई. मामानं मोजून पाह्यला अन म्हनले, हा बरा दिसते, राहू द्या.

मंग मामा म्हनले, हिले जमीन पाहिजे. म्हनजे लोखंडी अंगात कुठं करंट उतरला त तो मानसात नाई जावा, जमिनीत जावा. दुकानाच्या मागं खड्डा केला, त्यात कोळसा टाकला, मीठ टाकलं, लोखंडाची सळई गाडली, तिले वायर बांधला. सळई ओली पाहिजे, म्हनून मामा रोज सकाळी आंघोळ करून तांब्याभर पानी त्या सळईवर टाकत. शेजारच्या म्हातारीनं तीन दिवस पाह्यलं. चवथ्या दिवशी सळईले हळद-कुंकू, वर एक झेंडूचं फूल.

हे गुर्जीच्या कानावर गेलं. गुर्जी या बाबतीत लई कडक. सायकल टेकवली अन स्टुलावर बसायच्याबी आधी म्हनले, "मामा, विहारात पंचशील घेता अन दुकानामागं सळई पुजता?"

"पुजत नाई गुर्जी. अर्थिंग हाय."

"कोनता देव हा?"

मामानं त्याईले सळईपाशी नेलं अन अर्धा तास समजावून सांगितलं. गुर्जी शाळेत इज्ञान शिकवत, पटलं त्याईले. पन जाताना फूल काढून फेकून गेले. दुसऱ्या दिवशी म्हातारीनं दोन ठेवले.

एप्रिल लागला. जयंती आठ दिवसावर आली तवा एका रविवारी सकाळी मामा म्हनले, आज पेटी लावायची. गुर्जीले निरोप गेला. गुर्जी आले त्या निर्मलच्या मशीनीचा कागद खिशात घेऊनच आले. म्हनले, "आज संध्याकाळपर्यंत मले हो की नाई सांगा लागते, मामा. पेटी चालली त तुमची मशीन. नाई त मी बसनं हा कागद पाठवतो."

मामानं फडक्यानं टेबल पुसलं. पायाखाली कोरडी फळी ठेवली. मले म्हनले, प्लगपाशी उभा राह्य अन म्या सांगतो तेवढंच कर. डावा हात खिशात गेला. बल्बाच्या पाटातून पेटीले करंट देला.

बल्ब एकदम पेटला. मंग बल्ब उतरत-उतरत मिनमिन झाला अन पेटीवरची बारकी लाल बत्ती लागली. गुर्जी पुढं वाकले. मामा म्हनले, "चढू द्या." अर्धा तास गेला. मोठा बल्ब लावला, अजून अर्धा तास. गुर्जीले दम निघेना, ते म्हनले मी समोरून चहा सांगून येतो, अन गेले.

मामा म्हनले, "आता थेट."

म्या बल्ब काढला अन प्लग थेट भितीत लावला. लाल बत्ती उजळली. काटा थोडा हलला. मामा असे वाकले की त्याईचं नाक पेटीत, डोळे काट्यावर, चेहऱ्यावर असं हसू जसं पोराचा रिझल्ट लागून राह्यला.

तवा मले आवाज आला. बारीक. चुलीत ओलं लाकूड टाकल्यावर जसं चिर्र करते तसा. म्या म्हनलं, "मामा, काहीतरी वाजून राह्यलं." मामा हलले नाई. आवाज वाढला, शिट्टीवानी झाला. म्या जोरात म्हनलं, "मामा, आतून आवाज येऊन राह्यला." मामा काट्याकडे पाहून हसूनच राह्यले. त्याईचं तोंड त्या टिनाच्या कंडेन्सरवर, वितभर अंतरावर.

मामाचे सारे कायदे मोडून म्या दोन्ही हातानं वायर ओढला अन मामाची कॉलर धरून मागं खेचलं. आमी दोघंबी बारदानावर पडलो तेवढ्यात फाट् झालं. दुकानभर पांढरा धूर, अन चांदीच्या कागदाच्या चिंध्या पंख्यावरून लोंबून राह्यल्या.

मामा भडकले. "काऊन ओढलं? काटा चढून राह्यला होता. काऊन ओढलं तू?"

म्या म्हनलं, "किती येळचा आवाज येऊन राह्यला होता मामा. तुमाले ऐकू नाई आला?"

मामा माह्या तोंडाकडे पाहत होते. कानाकडे नाई, डोळ्याकडे नाई, ओठाकडे. मंग त्याईनं मान खाली घातली अन अंगावरची चिंधी उचलून बोटात घोळवत बसले.

"तीन वर्षं झाली," मामा म्हनले. "डावा आधी गेला. उजवा गेल्या साली. आता लई जोरात असलं त निसती भुनभुन येते. जाळीवर हात ठेवला की रेडिओ वाजते का नाई ते कळते. पन साफ वाजते का फाटून वाजते, ते हाताले नाई कळत. म्हनून काटा पाहिजे होता."

म्या म्हनलं, "कोनाले सांगितलं काऊन नाई? पोराले बी नाई?"

"रेडिओवाला बहिरा हाय म्हटल्यावर तामसीहून बस धरून कोन येईन?" मामा थोडे हसले. "अन पोराकडे गेलो होतो ना. चांगला हाय पोरगा, सून बी चांगली हाय. पन तिथं सारे एकदम बोलते. चालता-चालता बोलते, पाठ करून बोलते, सयपाकघरातून बोलते. मी पंधरा दिवस हो-हो करत बसलो. इथं कसं, एक-एक मानूस त्या स्टुलावर बसते. उजेडात. हळू बोलते, माह्याकडे पाहून. दुकान गेलं त माह्यासमोर असं कोन बसीन, पुंजाराम?"

तेवढ्यात गुर्जी चहावाल्याले घेऊन धावत आले. धूर पाह्यला, पंख्यावरच्या चिंध्या पाह्यल्या. "काय झालं? फुटली का पेटी?"

मामानं तोंड उघडलं, पन म्या आधी बोललो. म्हनलं, "गुर्जी, माह्यानं झालं. मामा अजून मोठा बल्ब लाव म्हनत होते, म्या घाई केली अन थेट लावलं."

कोनाच्या मनात शंकाच नाई आली. आयुष्यभर मूर्खपना केल्याचा त्या दिवशी पह्यल्यांदा फायदा झाला. गुर्जी म्हनले, "मले वाटलंच. पानी घालून मन नाई भरलं तुझं?" चहावाला म्हनला, "ह्यानं त आमची किटली बी फोडली होती." ते खरं होतं. मले चांगलं पाव तास झापल्यावर गुर्जीनं खिशातला कागद काढला, पाह्यला, परत ठेवला. "ह्या मानसाच्या पायी मामाचं नुकसान काऊन व्हावं? अजून दोन दिवस देतो."

मामा कंडेन्सर शोधायले भंगारात गेले नाई. एका मेलेल्या रेडिओतून चांगला काढला, बल्बावर दोनदा तपासला. मंगळवारी परत पेटी लावली. म्या म्हनलं, मामा तुमी डोळे ठेवा, मी कान ठेवतो. अन मामाच्या समोर उभा राह्यलो, पेटीच्या त्या बाजूनं, म्हनजे माहं तोंड त्याईले दिसावं. पह्यला बल्ब. म्या मान हलवली, आवाज नाई. दुसरा बल्ब, नाई. थेट. तांब्याच्या गुंडीचा बारीक घूं घूं, झोपलेल्या मांजरीवानी. म्या हातानं दाखवलं, ठीक हाय, चढू द्या.

व्हॉल्व बसवायले सुरुवात केली. पह्यला लाल. दुसरा लाल. पाचवा लाल. सहाव्याले काटा अर्ध्यावर आला अन परत खाली बसला, मामानं त्याले कापसात गुंडाळून बाजूले ठेवलं, जसं कोनी गेलं. आठव्याले काटा उठला, लाल ओलांडला अन हिरव्यात जाऊन उभा राह्यला. मामा पुढं वाकले. त्याईनं बोटानं काचेवर दोनदा टिचकी मारली, काटा अडकला त नाई ना. नव्हता अडकला. सतरातले पाच निघाले. लागत होते चार.

जयंतीले विहारासमोर मांडव, भोंगा खांबावर. सकाळपासून गाने लागले, साफ, पार तामसीच्या रस्त्यावर ऐकू जाये. लोक येऊन मामाले सांगत होते, अन ज्याईनं समोर येऊन सांगितलं त्याईले मामा हात जोडत होते.

दुपार कलल्यावर गुर्जी भाषनाले उठले. भोंग्यातून एक-एक शब्द मोजता येईन असा. मामा पह्यल्या रांगेत खाली बसले होते, मान डोलावून राह्यले होते, मागच्या वर्षी डोलावली तशीच. मले ते पाहवलं नाई. म्या उठलो, मामाच्या पुढं जाऊन बसलो, मामाकडे तोंड करून, स्टेजकडे पाठ. अन गुर्जी जे बोलत ते ओठानं बोलत गेलो, आवाज न काढता, हळू. मागून कोनी म्हनलं, "ह्या पुंजारामले बसायची बी अक्कल नाई, स्टेज इकडं हाय बापा." सखू बायाच्या रांगेतून डोळे वटारून राह्यली होती. म्या बोलत राह्यलो.

गुर्जीचं भाषन म्हनजे सोपं नाई. शिक्षन, संघटन इथपर्यंत जमलं. पुढं त्याईनं असे-असे शब्द काढले की माह्या तोंडात बसेना. ते म्या सोडून देले अन त्या जागी मले येतात ते टाकले. मंग आभार सुरू झाले. मांडववाल्याचे आभार, पानी देनाऱ्याचे आभार, पोलीसवाल्याचे आभार. अन गुर्जी बसले. भोंगा बंद झाला.

मामाचं नाव आलंच नाई.

म्या थांबलो नाई. म्या तसंच ओठानं पुढं चालू ठेवलं. म्हनलं, अन इशेष आभार आमच्या दौलतमामाचे, ज्याईनं ही मशीन जित्ती केली, सतरातून पाच काढले, अन आज पुऱ्या आदिलाबादले आमचा आवाज साफ ऐकू जाऊन राह्यला तो त्याईच्यानं. अन अजून बी चार गोष्टी म्या जोडल्या, त्या आता आठवत नाई.

मामा माह्या ओठाकडे पाहत होते. मंग त्याईनं माह्या खांद्यावरून स्टेजकडे पाह्यलं अन परत माह्याकडे.

"गुर्जी कवाचे खाली बसले, पुंजाराम," मामा म्हनले. "पानी बी पेले."

म्या म्हनलं, "मंग थांबू का मामा?"

"थांबू नको," मामा म्हनले. "बोल."